मोनोसाइट की रिॲक्टिव्ह लिम्फोसाइट? स्लाइड वाचताना अडतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करतेय, संध्याकाळी धंतोलीतल्या एका लॅबमध्ये बसते. पावसाळा सरत आला की नागपुरात तापाचे पेशंट वाढतात, तसा सध्या सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) ढीग आहे. डिफरन्शियल, म्हणजे पांढऱ्या पेशींची प्रकारवार मोजणी, मशीन देतं, पण फ्लॅग (शंकेची खूण) आला की स्लाइड बघावीच लागते.

न्यूट्रोफिल, इओसिनोफिल ओळखता येतात. एकाचं केंद्रक २ ते ५ खंडांचं, दुसऱ्याचं बहुतेक दोनच खंडांचं आणि भोवती ठसठशीत नारंगी दाणे. बेसोफिल तर क्वचितच भेटतो. घोळ होतो तो डेंगीच्या स्लाइडवर. मोठी, पसरट, निळसर पेशी दिसली की मी मोनोसाइट म्हणते, सर म्हणतात रिॲक्टिव्ह (संसर्गानं बदललेला) लिम्फोसाइट. फरक नेमका कशावरून करायचा?

शिवाय लिशमन स्टेन (पेशी रंगवायचं द्रावण) केला की तांबड्या पेशीसुद्धा निळ्या-करड्या येतात. पाणी बोअरचं आहे.

जुना लॅबवाला:
ताई, पहिले ते पाणी बंद करा! अल्कधर्मी पाण्यानं सगळंच निळं पडते. ६.८ पीएचचा बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घ्या, गोळ्या मिळतात. स्टेन २ मिनिटं तसाच ठेवा, त्यातल्या मिथेनॉलनं पेशी फिक्स होतात. मग दुप्पट बफर टाकून ७ ते १० मिनिटं. रंग सुधारल्याशिवाय बाकीचं बोलण्यात अर्थ नाही.

मग पेशीचं काम आठवा. मोनोसाइट जंतू गिळणारा, ऊतकात गेला की मॅक्रोफेज होतो. म्हणून सायटोप्लाझम (पेशीद्रव्य) राखाडी, धुरकट, त्यात पोकळ्या. केंद्रक घडी पडलेलं, क्रोमॅटिन (केंद्रकातला रंग घेणारा भाग) सैल. लिम्फोसाइट गिळत नाही. विषाणू आला की तो स्वतःच फुगून विभागायला लागतो, म्हणून डेंगीत एवढा मोठा दिसतो. त्याची कड बघा: शेजारच्या तांबड्या पेशीला चिकटून वाकलेली, आणि तिथंच निळा रंग गडद.

मोजताना स्मिअरच्या (काचेवर ओढलेल्या रक्ताच्या थराच्या) शेपटीचं टोक टाळा. मोठ्या पेशी तिकडं ओढल्या जातात.

धागाकर्ती:
काका, कडेची खूण कुणीच सांगितली नव्हती! पण पोकळ्या मला न्यूट्रोफिलमध्येही दिसतात. सॅम्पल सकाळचं, स्मिअर संध्याकाळी होतो.

जुना लॅबवाला:
मग त्या पोकळ्यांवर भरवसा ठेवू नका. ईडीटीएत (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात) रक्त पडून राहिलं की अशा पोकळ्या आपोआप येतात. सॅम्पल आलं की २ तासांच्या आत स्मिअर ओढून वाळवून ठेवायला सांगा, स्टेन संध्याकाळी करा.