वरातीत बंदुकीचा बार, गुन्हा दाखल. तातडीने मदत हवी!

गण्या_माळशिरस: परवा लग्नात बार उडाला. कुणीतरी व्हिडिओ टाकला, काल पोलीस येऊन बंदूक घेऊन गेले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. बंदूक परवान्याची आहे, मग गुन्हा कसला? जामीन होतो का? लवकर सांगा.

पारावरचा: उडाला की उडवला?

काळा_कोट: परवाना कुणाच्या नावावर? बार कुणी काढला? कलमं कोणती?

गण्या_माळशिरस: घरचीच बंदूक हो. आजोबांपासूनची बारा बोअरची दुनळी. जामिनाचं बोला.

काजूवाला: आमच्याकडे रानडुकरांसाठी ठासणीची आहे. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करावी लागते. पावती जपून ठेवा.

काळा_कोट: घरची म्हणजे कुणाची?

गण्या_माळशिरस: परवाना वडिलांचा. बार चुलतभावाने काढला. दोनच. वडील तेव्हा पाहुण्यांना फेटे बांधत होते.

काळा_कोट: हे आधी सांगायचं ना! २०१९च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात कलम २५(९) आलं. समारंभात बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे जामीनपात्र. पण भावाकडे परवाना नाही, म्हणजे २५(१ब) लागणार: किमान दोन, कमाल पाच वर्षं, अजामीनपात्र. बंदूक त्याच्या हातात दिली म्हणून वडिलांवर वेगळं कलम, परवानाही जाऊ शकतो. विनापरवान्याच्या खटल्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, ती घेतली का ते वकिलाला बघायला लावा.

ताईसाहेब_७२: दोनच वर्षं? सात करा. आमच्या चुलत्यांच्या पडवीच्या पत्र्याला अशाच एका वरातीतल्या छऱ्यांची भोकं आहेत. दर पावसाळ्यात खाली पातेलं लावतो.

पारावरचा: वाढवून काय होतं? याच कायद्याच्या कलम २७(३)मध्ये बंदी असलेल्या शस्त्राने कुणाचा जीव गेला तर फाशी सक्तीची होती, ती सुप्रीम कोर्टाने २०१२मध्ये घटनाबाह्य ठरवली. चोरून गावठी कट्टे बनवणाऱ्याला आता जन्मठेपेपर्यंत आहे, तरी मध्य प्रदेश सीमेवरच्या उमर्टीचा माल जळगावच्या चोपड्यात सापडतोच. पंच फितूर झाले की कलम कितीचं का असेना.

ताईसाहेब_७२: मग कायदाच नको का? संजय दत्तला झालीच की पाच वर्षं.

पारावरचा: ताई, ती एके-५६ होती. आणि गुन्हा १९९३चा, सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१३चा. वीस वर्षं! मी तेच म्हणतोय.

शांतताप्रिय: बार एकदा वाजतो. डीजे रात्रभर. आधी त्याचं बघा.

काजूवाला: पावती हरवली तर काय करायचं ते कुणाला माहीत आहे का?

गण्या_माळशिरस: अहो, भांडणं नंतर करा. भाऊ कालपासून फोन उचलत नाही. अटकपूर्व जामीन करायचा का?

काळा_कोट: आजच वकील गाठा. आणि तो व्हिडिओ काढून टाका म्हणून कुणालाही सांगू नका, पुरावा नष्ट केल्याचं नवीन लचांड मागे लागेल.

गण्या_माळशिरस: नवरीच्या मामाला कालच सांगितलं. त्याने काढलापण.

काळा_कोट: 🤦