स्ट्रीम बघून अपहरण उलगडणारे पोलीस: मेटागेमिंगला थेट बॅनच हवा का?

ग्रेपसीडकर

जीटीए रोलप्ले, म्हणजे जीटीए या व्हिडिओ गेमच्या ऑनलाइन शहरात एकेक पात्र होऊन वावरायचा खेळ, खेळणाऱ्यांची मतं हवी आहेत. मेटागेमिंग म्हणजे आपल्या पात्राला ठाऊक नसलेली, खेळाबाहेर मिळालेली माहिती खेळात वापरणं. आधी प्रसंग सांगतो.

आम्ही तिघांनी शहरातल्या एका सोनाराला उचललं. फोन काढून घेतला, रेडिओ काढून घेतला, डोळ्यांवर पट्टी बांधली. वाटेत गाडी बदलली आणि सॅन्डी शोअर्स या खेळातल्या गावामागे एका पडक्या शेडमध्ये नेऊन बसवलं. सोनार खेळणारा मुलगा कमाल करत होता. दुकानावरचं कर्ज, रुसून माहेरी गेलेली बायको, सगळं तो जागच्या जागी रचत होता. त्याला धमकावणारा आमचा गडी अक्षरशः अडखळायला लागला. आणि तेवढ्यात पोलिसांच्या चार गाड्या थेट शेडच्या दारात! आधी कुठे चौकशी नाही, कुणाला फोन नाही. विचारलं तर म्हणे, ‘गस्तीवर होतो.’ आमच्यातला एक जण तेव्हा यूट्यूबवर लाइव्ह होता.

पोलीस रीतसर आले असते तर मी हसत बेड्या घालून घेतल्या असत्या. पहिली गाडी आम्ही ओढ्याकाठी सोडली होती. तिच्यापाशी येऊन कुणी /do (आजूबाजूला काय दिसतं ते विचारायची-सांगायची चॅटमधली कमांड) टाकून ‘मागच्या सीटवर काही दिसतं का?’ असं विचारलं असतं, तर आम्ही खरं तेच लिहिलं असतं: सीटखाली सोनाराचा चष्मा पडलाय. तो चष्मा आम्ही मुद्दाम ठेवला होता. कुणी तो शोधलाच नाही, याची मला जास्त खंत आहे.

माझं मत सरळ आहे. जे पात्राने खेळात पाहिलं किंवा ऐकलं नाही, ते वापरायचं नाही. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा बॅन. जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारने २०२३ मध्ये फाइव्हएमची (ज्यावर असे रोलप्ले सर्व्हर चालतात) टीम आपल्यात घेतली खरी, पण असे नियम ज्याच्या त्याच्या सर्व्हरनेच ठरवायचे असतात. म्हणून बोलायचं तर आपणच बोलायला हवं.

रात्रपाळी

मी पोलीस खेळतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

स्ट्रीम तुमच्या माणसाने लावली होती. हजार लोकांना शेड दाखवायची आणि वर पोलिसांनी डोळे मिटून बसावं, असं कसं चालेल? ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उशिराने प्रक्षेपण करायची सोय आहे, ती वापरा ना. शिवाय पुरावा काय? सोनाराचं दुकान भर दुपारी बंद दिसलं, एवढ्यावरसुद्धा चांगला हवालदार शहराबाहेरचे अड्डे बघत निघतो. आम्ही नशिबाने पोहोचलो की मेटागेमिंग, आणि गुन्हेगार नशिबाने सुटले की उत्तम रोलप्ले! पोलीस खेळणारे सर्व्हर का सोडतात, ते विचारा कधी. दर दुसऱ्या अटकेनंतर अ‍ॅडमिनकडे तक्रारीचं तिकीट पडतं आणि आपण क्लिपा जमवत बसतो. निव्वळ संशयावर बॅन द्यायला लागलात तर गुन्हेगारच उरतील, त्यांना पकडायला कुणी नसेल.

ग्रेपसीडकर

@रात्रपाळी दादा, उशिराची सोय मान्य. पण अपहरण चांगलं तासभर चालतं. दहा मिनिटं उशीर केला तरी शेड दिसायची ती दिसतेच. आणि फार उशीर केला तर स्ट्रीमरचा प्रेक्षकांशी संवादच तुटतो. दार उघडं होतं म्हणून आत शिरणाऱ्याचा दोष संपत नाही.

जुनं_सॅम्प

सॅम्पच्या (जीटीए सॅन अँड्रियासच्या जुन्या मल्टिप्लेअर मॉडच्या) काळात सगळं टाइप करून चालायचं. पात्राबाहेरचं बोलणं दुहेरी कंसात लिहायचं हा शिरस्ता होता, त्यामुळे कोण कुठली माहिती कुठून वापरतोय ते लॉगमध्ये दिसायचं. आता एका कानात खेळातला आवाज आणि दुसऱ्या कानात डिस्कॉर्ड, म्हणजे खेळाबाहेर गप्पा मारायचं अ‍ॅप. फोन जप्त झालेला माणूस डिस्कॉर्डवर मित्रांना ‘वाचवा, मी बंदरावर आहे’ म्हणून सांगतो. याला मात्र मी थेट बॅन देईन. यात नकळत काहीच घडत नाही.

मशाल_हाती

मी जीटीएवाला नाही, दर शनिवारी ऑनलाइन टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून खेळायचा रोलप्लेचा खेळ खेळतो. ‘वापरायचंच नाही’ हा नियम ऐकायला सोपा आहे, पाळायला अशक्य.

त्यातला ट्रोल हा राक्षस घ्या. त्याच्या जखमा आपोआप भरून येतात, आग किंवा आम्लाचा घाव बसला तरच ते थांबतं. हे प्रत्येक जुन्या खेळाडूला पाठ असतं. आता माझ्या पात्राने पहिल्यांदाच ट्रोल पाहिला. मी किती फेऱ्या तलवार चालवत बसू? दोन? चार? शेजारी बसलेली नवखी मुलगी पहिल्याच फेरीत घाबरून मशाल फेकते आणि सगळे तिचं कौतुक करतात. तीच मशाल मी फेकली की मी चोर! आणि मला माहीत आहे म्हणून मी आग मुद्दाम टाळली, तर तेही पात्राबाहेरच्या माहितीवरच वागणं झालं. दोन्हीकडून फसलो.

२०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्येही (खेळ चालवणाऱ्यासाठीच्या पुस्तकात) खेळाडूंना अशा विचारांपासून दूर ठेवा असा सल्ला आहे. माझ्या मते त्याहून बरा मार्ग म्हणजे खेळ चालवणाऱ्याने ट्रोलचा कच्चा दुवाच बदलावा. आगीऐवजी मीठ करा. मग कुणाचं पाठांतर कामाला येत नाही.

विंगेतली

मशाल_हाती यांच्याही पुढे जाऊन म्हणते: पात्राबाहेरची माहिती वापरावीच.

नॉर्डिक देशांत लाइव्ह रोलप्लेची (प्रत्यक्ष वावरून पात्र साकारण्याच्या खेळाची) मोठी परंपरा आहे. तिथे बऱ्याच खेळांत पात्रांची गुपितं खेळाडूंना आधीच सांगून टाकतात. ते ‘हरण्यासाठी खेळा’ असंही म्हणतात. समोरच्याचं गुपित मला ठाऊक असेल तर मी माझ्या पात्राला नेमकं चुकीच्या वेळी चुकीच्या खोलीत नेऊ शकते, आणि प्रसंग रंगतो.

आपल्या सर्व्हरवरच्या शहरातलंच उदाहरण देते. मी डॉक्टरीण खेळते. एका खेळाडूने चॅटमध्ये लिहिलं होतं की त्याच्या पात्राला कुणापाशी तरी मन मोकळं करायचंय, पण तसा प्रसंग जुळून येत नाहीये. मी ड्यूटी संपल्यावर डॉक्टरीणबाईंना डेल पेरो धक्क्यावर फिरायला नेलं. तो तिथेच होता. त्या रात्रीचं बोलणं इतकं छान झालं की आम्ही दोघंही अजून त्याबद्दल बोलतो. माझ्या पात्राला तिथे जायचं काही कारण नव्हतं. ग्रेपसीडकर, तुमच्या नियमाने मला ताकीद मिळेल. द्याल?

ग्रेपसीडकर

@विंगेतली ताई, नाही देणार. तुम्ही त्याच्याकडून काही हिरावून घेतलं नाहीत. पण तुम्ही सांगता ते खेळ सगळ्यांच्या संमतीने तसे बांधलेले असतात. आमच्या सोनाराला कुणी विचारलं होतं का?

तिसरा_हात

मी ब्रिज हा जोडीने खेळायचा पत्त्यांचा खेळ खेळतो. ‘डोक्यातलं पुसता येत नाही’ या अडचणीवर ब्रिजच्या कायद्यात फार आधीच विचार झालाय, म्हणून लिहितो.

माझा भागीदार बोली लावताना नको इतका वेळ थांबला. त्याच्या हातात काय असेल याचा मला अंदाज आला. मला ही माहिती मिळायला नको होती, पण मिळाली. कायद्याचं कलम १६ मला ती विसरायला सांगत नाही. समोर दोन-तीन वाजवी पर्याय असतील, तर त्या थांबण्याने सुचवलेला पर्याय घ्यायचा नाही, एवढंच ते म्हणतं. मी तो घेतला आणि त्यातून समोरच्या जोडीचं नुकसान झालं, तर डायरेक्टर, म्हणजे स्पर्धेचा पंच, डावाचा निकाल बदलतो. मला लबाड ठरवण्याची गरजच पडत नाही. हेतू काय होता हा प्रश्नच मागे पडतो.

हेच इथे लावा. पोलिसांपुढे त्या क्षणी काय काय पर्याय होते? दुकान पाहणं, बायकोला गाठणं, गाडी शोधणं. गस्तीची गाडी थेट त्याच शेडपाशी वळली आणि तिकडे वळायला खेळातलं एकही कारण दाखवता येत नसेल, तर प्रसंग रद्द. सोनार पुन्हा शेडमध्ये, पोलीस पुन्हा ठाण्यात. बॅन कशाला? बॅन द्यायचा तर हेतू सिद्ध करावा लागतो, आणि सगळी भांडणं तिथेच होतात.

मशाल_हाती, तुमच्या ट्रोललाही हे लागू पडतं. मशाल हा तिथे अनेक वाजवी पर्यायांपैकी एक असेल, तर तो सोडा. अंधारी गुहा, हातात पेटती मशाल आणि तलवार तुटलेली, असं असेल तर खुशाल फेका.

रात्रपाळी

@तिसरा_हात हे मला पटलं. प्रसंग रद्द झाला तर मी वाद घालणार नाही. पोलीस खेळणाऱ्यावर कायमचा डाग तरी बसत नाही. पण आवाजाचं काय करायचं? मास्क लावलेला दरोडेखोर बोलला आणि मी त्याला आवाजावरून ओळखलं. हा आवाज मी खेळातच ऐकलाय, रोज चहाच्या टपरीवर ऐकतो. हे चालेल?

जुनं_सॅम्प

नाही चालणार. एकच पोरगा दोन पात्रं खेळतो, दोघांचा आवाज एकच. एक मेकॅनिक, दुसरा दरोडेखोर. दरोडेखोराच्या आवाजावरून तुम्ही मेकॅनिकला आत टाकणार?

ग्रेपसीडकर

मला वाटतं दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. त्याच पात्राचा आवाज तुमच्या पात्राने आधी ऐकला असेल तर संशय घ्यायला हरकत नाही, खऱ्या आयुष्यातही माणूस आवाजावरून ओळखतोच. नुसत्या आवाजावर अटक मात्र नको, सोबत गाडी, कपडे, ठसे असं काहीतरी हवं. आणि आवाज एका पात्राचा नि बेड्या दुसऱ्याला, हे अजिबात नको.

रविवारी अ‍ॅडमिनसोबत बैठक आहे. तिथे तीन गोष्टी मांडतो: बॅनआधी प्रसंग रद्द करणं, चालू गुन्ह्याचं स्ट्रीमिंग किमान पंधरा मिनिटं उशिराने, आणि आवाजावरून फक्त संशय.

रात्रपाळी

पहिल्या दोन्हींना माझा पाठिंबा. तिसऱ्यात ‘चौकशीसाठी ठाण्यात आणता येईल’ एवढं घाला, नाहीतर मी विरोधात बोलणार. आवाज ओळखूनही मी त्याला दोन प्रश्न विचारू शकत नसेन, तर माझा हवालदार बहिराच म्हणायचा.