इंग्लिश मिक्स्चर म्हणजे नेमकं काय? पाईपवाले कोण आहेत काय इकडं?

निपाणीचं_पोर

नमस्कार मंडळी, घर निपाणीचं, नोकरी बेळगावात. आजोबांची वखार होती त्यामुळं तंबाखू काय नवीन नाही, सुगीला खकाणा नाकात जाऊन शिंका देतच मोठे झालो, पण आमच्यात तंबाखू म्हणजे बिडीची, फार तर चुना लावून मळायची, पाईप तेवढा कॅम्पातल्या रिटायर मिलिटरीवाल्यांच्या तोंडात बघितलेला. आता मावसभावानं दुबईहून येताना एक पाईप आणि चेरी-व्हॅनिलाचं पाऊच आणून दिलंय. वास एकदम भारी, शेजारचे विचारतात काय लावलंय म्हणून, पण ओढणाऱ्याच्या तोंडात काय येत नाही हो, नुसती गरम ओली वाफ, आणि जीभ अशी पोळते की दुसऱ्या दिवशी आमटी पण झोंबते. पुण्याचा एक मित्र म्हणाला ते गोड सोड, इंग्लिश मिक्स्चर घे. म्हणून वाचालोय तर लटाकिया, ओरिएंटल, बाल्कन, पेरीक, फ्लेक, सगळा गोंधळ. इंग्लंडात तंबाखू पिकते काय? त्यात इंग्लिश काय आहे मग? सुरुवात कशानं करू? आणि शेवटचं, हसू नका, आपली निपाणीची तंबाखू पाईपात घातली तर चालते काय? घरात पोतं भरून मिळेल.

कॅम्पातले_काका

निपाणीचा होऊन तंबाखूचं विचारालास, बरं केलंस. पोरा, इंग्लिश मिक्स्चरच्या डब्यातलं पान एकही इंग्लंडातलं नसतं. व्हर्जिनिया अमेरिकेतली नाहीतर आफ्रिकेतली, ओरिएंटल ग्रीस-तुर्कस्तानकडची, लटाकिया सायप्रसची. इंग्लिश आहे ती मिसळायची रीत. तिकडं बरीच वर्षं कायदाच असा होता की तंबाखूत वरून स्वाद, गोडवा फारसा घालता येत नव्हता, 1980 च्या दशकात तो सैल झाला. मग चव आणायची कुठनं? पानातनंच. कुठलं पान उन्हात वाळवायचं, कुठलं भट्टीत, कुठलं धुरावर, किती दाबायचं, किती वाफवायचं, आणि मग कशात काय किती, सगळी करामत त्यात. तुझ्या पाऊचात उलटं आहे, पान बेताचं आणि वरून स्वाद मारलेला, तो ओला राहावा म्हणून आणखी काहीबाही घातलेलं, म्हणून वास शेजाऱ्याला आणि वाफ तुला.

साधारण मिक्स्चर म्हणजे पाया व्हर्जिनियाचा, त्यात ओरिएंटल, आणि लटाकिया. ओरिएंटल वरचढ झाली की लोक बाल्कन म्हणतात, पण ही रेघ कुणी आखून दिलेली नाही, एकाच डब्याला दोघं दोन नावं देतात आणि भांडत बसतात, त्यात पडू नकोस.

व्हर्जिनियाचं पान भट्टीत वाळवतात. कोठीत लोखंडी नळ्या फिरवून उष्णता द्यायची, धूर पानाला लागू द्यायचा नाही. 1839 साली नॉर्थ कॅरोलिनात स्टीफन नावाच्या एका गुलामानं विझत आलेल्या भट्टीत कोळसा टाकला आणि पान पिवळंजर्द निघालं, तिथनं हा प्रकार फोफावला असं सांगतात. आपल्याच कर्नाटकात हुणसूर-पिरियापट्टणकडं ही पिकते, टोबॅको बोर्डाच्या लिलावात जाते. पानात साखर राहते म्हणून गोडसर, आणि भराभरा ओढली की जीभ चावते. ओरिएंटलचं पान हातभर नसतं, बारकं, उन्हात वाळवलेलं, जरा आंबटसर-मसाल्याचा वास.

आता लटाकिया. नाव सीरियातल्या बंदराचं, पण सीरियातलं उत्पादन बंद पडल्यातच जमा आहे, आता मिळते ती सायप्रसची. पान आधी उन्हात वाळवतात, मग बंद कोठारात टांगून खाली लाकडं धुमसत ठेवतात, पाईन, ओक, मर्टल, मॅस्टिक असली सुवासिक झाडंझुडपं. जाळ नाही, नुसता धूर, आणि तो एकदोन दिवस नाही, आठवडेच्या आठवडे. पान काळंकुट्ट होतं. डबा उघडलास की पहिला भपकारा धुराचा, मागनं चामड्याचा, जरा डांबराकडं झुकणारा, घरातली माणसं काय जळालं म्हणून धावत येतात. आमटीत हिंग असतो तसं तिचं काम, प्रमाणात मजा, नुसती भरून ओढायची वस्तू नव्हे.

आणि एक, डनहिल नावाच्या तंबाखूवाल्यानं लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर 1907 ला दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाईक सांगेल तसं मिसळून द्यायचे आणि वहीत नंबर घालून ठेवायचे, म्हणजे पुढच्या खेपेला तेच मिळणार. 965 नावाचं मिक्स्चर अजून चालतं ते त्या वहीतल्या नंबरावरनं. आता सगळं छापील डब्यात येतंय, पण माझ्या मते इंग्लिश म्हणजे ही वही.

हुक्केरी_शिवार

काकांनी मस्त सांगितलं. आपल्या पानाचं मी सांगतो, आमच्यात अजून थोडी असते. नको घालू भावा.

आपली तंबाखू पावसात लावायची, मग शेंडा खुडायचा, फुटवे काढत बसायचं, आणि पानावर ठिपके पडेपर्यंत झाड उभं ठेवायचं. शेंडा खुडतात कशाला? झाडाचा जोर फुलात न जाता पानात उतरावा म्हणून, आणि तंबाखूत जोर म्हणजे निकोटीन. मग अख्खं झाड कापून रानातच उन्हात टाकायचं, ना भट्टी ना धूर. बिडीत ती चिमूटभर जाते म्हणून झेपते, पाईपच्या बाऊलमध्ये, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीत, कितीतरी जास्त बसते, अर्ध्यात डोकं गरगरून घाम फुटेल आणि ओकशील. साखर जवळपास नाही, त्यामुळं व्हर्जिनियाचा तो गोडसरपणा शोधत बसलास तर सापडायचा नाही. शिवाय बिडीची तंबाखू कुटून चाळलेली, दाणेदार असते, पाईपला लागते लांब चिरलेली, नाहीतर ते फ्लेक म्हणतात ते, म्हणजे पानं दाबून वडी केलेली आणि वडीचे पातळ काप काढलेले. दाणा बाऊलच्या तळाच्या भोकात जाऊन बसतो, चोंदतं, आणि जोरात ओढलं की खकाणा थेट जिभेवर. आमच्या काकानं लग्नात पैज लावून केलंय हे, पुढचं सांगत नाही.

आणि पोतं भरून मिळेल म्हणालास ते जरा जपून हां. ह्याच पानाला भाव मिळावा म्हणून 1981 ला आपल्या लोकांनी निपाणीत हायवे अडवून धरला होता, गोळीबार झाला, माणसं गेली. आजोबांना विचार एकदा, वखारवाले त्या वेळी कुठल्या बाजूला होते ते पण विचार.

चिकोडीची_अक्का

तुमचं चालू दे, पण मी मध्ये बोलणारच. माझी आई वखारीत तंबाखू चाळायला जायची. तोंडाला पदर बांधून दिवसभर चाळणीपुढं बसायचं, घरी आली की आधी नाक शिंकरायची, ते तपकिरी यायचं, आणि आम्ही लहान असताना जवळ गेलो तर लांब व्हा म्हणायची, लुगड्याला वास लागलाय. खोकला जो लागला तो वखार सुटल्यावर पण सुटला नाही. मालकानं तोंडाला बांधायला साधं फडकं कधी दिलं नाही. म्हणून हे चव, सुगंध, डबा उघडला की भपकारा वाचलं की माझं डोकं फिरतं.

आणि पाईपवाले सांगतात ना, आम्ही धूर आत घेत नाही, तोंडातच घोळवतो, त्यानं काय होत नाही, ते खोटं आहे. निकोटीन तोंडाच्या आतल्या कातडीतनंच रक्तात जातं. तोंडाचा, जिभेचा, घशाचा कॅन्सर पाईपनं पण होतो. वरून स्वाद घातला नाही म्हणून शुद्ध, असलं पण काय नसतं, जळलेलं पान ते जळलेलं पान, आणि ती लटाकिया तर आधीच आठवडेच्या आठवडे धूर पिऊन आलेली. विचारालायस म्हणून सांगितलं, राग मानू नकोस भाऊ.

कॅम्पातले_काका

अक्का, राग कसला, खरं तेच बोललात. मला पण डॉक्टरनं दम दिलाय, आता सणासुदीला एखादा बाऊल, बाकीचे दिवस डबा उघडून हुंगतो आणि बंद करतो. बायको म्हणते तेवढ्यात पण तुम्हाला शांत वाटतं म्हणजे ओढायची गरजच नव्हती.

शहापूर_जार

त्याचा सुरुवातीचा प्रश्न राहिला की. अक्कांचं वाचून सुद्धा ओढणारच असशील तर ऐक.

लटाकिया कमी असलेल्यानं सुरू कर. अर्ली मॉर्निंग पाईप नावाचं आहे, हलकं, ओरिएंटल कळते, धूर मागं मागं राहतो. ते पटलं तर 965, ते जरा मऊ आणि भरीव. नाईटकॅप एकदम घेऊ नकोस, लटाकिया भरपूर आणि वर पेरीक. पेरीक म्हणजे अमेरिकेत लुईझियानाच्या सेंट जेम्स पॅरिशमधली तंबाखू, व्हिस्कीच्या पिंपात स्क्रूनं दाबून महिनोन्महिने आंबवतात, मिरीसारखी नाकात चढते, थोडीशीच घालतात. हे तिन्ही पूर्वी डनहिलच्या डब्यात यायचे, त्यांनी पाईपची तंबाखू बंद केली, आता पीटरसन कंपनीच्या नावानं येतात. इंग्लंडातल्या केंडल गावच्या सॅम्युअल गाविथ कंपनीचं स्क्वॉड्रन लीडर पण चांगलं. पण त्याच केंडलकडं साबणासारखा, फुलांचा वास मारलेल्या तंबाखू पण करतात, त्या इंग्लंडातल्या असून इंग्लिश मिक्स्चर नव्हेत, नाव बघून चुकून घेशील. बेळगावात यातलं काय मिळत नाही, मुंबई-बेंगळूरला सिगारच्या दुकानात कधी असतं कधी नसतं, आणि डब्यावर आपला चित्राचा इशारा नसेल तर तो माल चोरवाटेचा, दुकानदार काय पण सांगू दे.

जीभ पोळते त्याचं निम्मं कारण पाऊच असेल पण निम्मं ओढण्यात आहे. तंबाखू ओली असेल तर कागदावर पसर, चिमटीत दाबून सोडली की चिकटून न राहता हळूच उलगडली पाहिजे. जुलैत आपल्याकडं काय पण वाळत नाही, टेबल लॅम्पखाली ठेव. भरताना खाली सैल, वर जरा घट्ट. पहिली काडी नुसती वरचा थर काळा करायला, तो फुगून वर येतो, हलकं दाबायचं, मग दुसरी काडी. त्यानंतर इतकं सावकाश की विझेल की काय असं वाटलं पाहिजे, आणि विझली तर विझू दे, परत पेटवायची. बाऊल हाताला चटका द्यायला लागला म्हणजे तू घाई करालास, खाली ठेव. सिगरेटवाल्यांना हे सगळ्यात अवघड जातं.

उरलेलं काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेव. व्हर्जिनिया वर्षं गेली तशी मुरत जाते, लटाकियाचा धूर मात्र हळूहळू बसतो, म्हणून भारी डबा आहे म्हणून दहा वर्षं जपून ठेवायचा शहाणपणा करू नकोस. आणि लटाकियाला पाईप वेगळा, वास लाकडात बसला की जात नाही. मक्याच्या कणसाचा पाईप मिळाला तर तोच घे, स्वस्तातला, अमेरिकेत मिसूरीत 1869 पासून करतात, बिघडला तरी जीव जळत नाही.

निपाणीचं_पोर

बापरे, सगळ्यांना थँक्यू. अक्का, तुमचं वाचून आईला फोन केला, आमच्या वखारीत पण बायकाच चाळायला असायच्या, फडकं द्यायचे काय विचारलं तर गप्प बसली. पोत्याचं मागं घेतो शिवारदादा. मिक्स्चरचं बघतो, घाई नाही. पण आत्ता जो पाईप आहे त्याला चेरीचा वास इतका बसलाय, त्यात इंग्लिश घातलं तर चेरीचंच लागेल ना? धुऊ काय?

कॅम्पातले_काका

पाण्यानं धुऊ नकोस, ब्रायरचं लाकूड आहे ते, भूमध्य समुद्राकडच्या झुडपाच्या मुळाची गाठ, भिजलं की तडकायची भीती. पाईप क्लीनर, म्हणजे धागा गुंडाळलेली तार, स्पिरिटमध्ये बुडवून नळीतनं फिरव, पांढरा बाहेर येईपर्यंत. बाऊलमध्ये कापूस भरून त्यावर थोडं स्पिरिट टाकून रात्रभर ठेव, बाहेरच्या पॉलिशला लागू देऊ नको, सकाळी कापूस तपकिरी दिसेल तो फेक आणि पाईप दोनतीन दिवस उघडा वाळू दे. चेरी थोडी राहीलच. स्पिरिट औषधाच्या दुकानातलं नको, दारूच्या दुकानातली साधी व्होडका आण. आणि ओढून झाल्या झाल्या गरम असताना तोंडाचा भाग पिळून काढायचा नाही, जोडातली खुंटी मोडते, मग बेळगावात कोण बसवून देणारा नाही.