नाव छापायचंच तर हिरव्या जाळीवर छापा

अमेरिकेत नव्या घराला ठेकेदाराचं नाव छापलेलं जलरोधक वेष्टन गुंडाळतात, तसं जाहिरातीसाठी इंदुरात करावं का, असं इथे एकानं विचारलंय. मी इथे बरीच वर्षं बांधकामाची कामं घेतोय, म्हणून लिहितो.

तिकडे घराचा सांगाडा बहुधा लाकडी. टायवेक या ब्रँडसारखं वेष्टन बाहेरचं पाणी अडवतं, पण आतली वाफ बाहेर जाऊ देतं, म्हणजे लाकूड कुजत नाही. बाहेरचं आवरण चढलं की ते झाकलं जातं, नाव दिसतं ते तोवरच. टायवेक होमरॅप तर 120 दिवसांहून जास्त उन्हात उघडं ठेवायचं नसतं. आपल्या विटा-आरसीसीच्या घराला याची गरज नाही.

आपल्याकडे नाव छापायची जागा म्हणजे परांचीवरची हिरवी जाळी. पण त्यावर मोठा फ्लेक्स मात्र बांधू नका. लोकमान्य नगरच्या कामावर मी बांधला होता. जूनच्या पहिल्याच वावटळीत तो शिडासारखा फुगला, परांचीच्या दोन बल्ल्या (उभे वासे) कलल्या. खाली मजूर नव्हते, देवाची कृपा! जाळीतून वारा आरपार जातो, फ्लेक्समधून नाही.

आता जाळीवरच नाव छापून घेतो, दर दोन फुटांवर दोरीनं आवळतो, फाटली की त्याच दिवशी बदलतो. शेजारच्या काकूंनी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, जाळीमुळे त्यांवर धूळ बसली नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्याच जावयाचा फोन आला, वरचा मजला चढवायचाय म्हणून.