गच्चीवरची भाजी आणि फ्लॅट बी ४०४ चे धणे

बी ४०४ : काका-काकू, एक मदत हवी होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाल्कनीत धणे पेरले. आज आठवा दिवस, एक कोंब नाही. मसाल्याच्या डब्यातले होते म्हणून असेल का?

माई (ए १०२) : डब्यातले चालतात गं, फार जुने नसले म्हणजे झालं. पेरायच्या आधी फोडले होतेस का?

बी ४०४ : नाही माई, अख्खेच टाकले.

माई : मग बस वाट बघत. एका धण्यात दोन बिया असतात. हलकं लाटणं फिरवून दोन फोडी करायच्या, रात्रभर भिजवायच्या, मग पेरायच्या. तरी आठ-दहा दिवस लागतातच. घटातल्या गव्हाने आपल्याला वाईट सवय लावलीय, तिसऱ्या दिवशी कोंब बघायची.

बी ४०४ : खरं सांगू? पाचव्या दिवशी उकरून पाहिलं 🙈

नाना (सी २०३) : मुळात घाई झाली. ऑक्टोबरच्या उन्हात कोथिंबीर आली तरी लगेच फुलावर जाते. ती आणि पालक दिवाळीनंतर. आत्ता टोमॅटो, फ्लॉवर, कोबीचं बी ट्रेमध्ये टाका. २५-३० दिवसांत रोपं लावणीला येतात, तोवर थंडी पडते. मुळा-गाजराची मात्र रोपं करू नका, जागेवरच पेरा. उपटून लावलं की गाजराला पाय फुटतात.

सेक्रेटरी : हे सगळं बाल्कनीपुरतंच ना? गच्चीवर ठेवायचं तर कमिटीला अर्ज. पावसाळ्यात ए ५०१ चं छत गळलं होतं.

नाना : वॉटरप्रूफिंगला तडे होते. माझ्या कुंड्यांचं नाव कशाला?

ए ५०१ : तडे होते नाना, पण पाणी तुंबलं ते तुमच्या पालापाचोळ्याने. पाणी जायची जाळी गच्च भरली होती.

नाना : ती भर पावसात कोणी साफ केली, तेही लिहा.

डी ३०२ : भांडण बाजूला ठेवा, वजनाचं बघा. १२ बाय १२ इंची ग्रो बॅग नुसत्या मातीने भरून पाणी घातलं की ३०-३५ किलो. अशा ४० म्हणजे १२०० ते १४०० किलो. माती, कंपोस्ट, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारख्या भागात घेतलं तर बरंच हलकं पडतं. बॅगा गच्चीच्या मधोमध नकोत, कडेने लावा, आणि स्टँडवर. थेट फरशीवर ठेवल्या की खालची ओल वाळतच नाही.

माई : कोकोपीट विकत कशाला? रसवंतीवाल्याकडे उसाची चिपाडं फुकट मिळतात. तळाला वीतभर घालायची, वर माती. कुजून खाली बसली की वरून भर.

ए ५०१ : आणि मुंग्या?

माई : दोन दिवस पाण्यात बुडवून ठेव, गोडवा निघून जातो. वर मूठभर निंबोळी पेंड. मुंग्या तर तुझ्या ओट्यावरही येतात.

बी १०१ : आमची मेथी चौथ्या दिवशी छान उगवली, पाचव्या दिवशी कबुतरांनी साफ केली. आधी जाळी बांधा, मग बी टाका.

डी ३०२ : पालकाचं बी कृषी सेवा केंद्रातून आणलंय. गडद गुलाबी आहे. भेसळ तर नाही?

नाना : नाही हो, बुरशीनाशक चोळलेलं असतं. पेरून झालं की हात साबणाने धुवा, मुलांच्या हाती देऊ नका.

बी १०१ : उरलं तर कबुतरांना?

नाना : अजिबात नाही! 😄

सेक्रेटरी : ठीक आहे. स्टँड हवाच, पाणी जायच्या जाळीभोवती २ फूट मोकळं, आणि ती जाळी साफ करायच्या पाळ्या लावून द्या. रविवारी ११ वाजता गच्चीवर या, जागा आखून घेऊ. नाना, टेप आणा.

बी ४०४ : आला! एक कोंब आला! फोटो टाकलाय 🌱

माई : लाल देठ, जाड पानं… अगं, ती घोळ आहे. उपटून टाकू नकोस, वाढली की डाळ घालून भाजी कर.