मदत हवी आहे : सलग तीन वेळा उपांत्य फेरीत हरल्यावर प्रशिक्षक बदलावा का?

नमस्कार. पिंपरीतील एका छोट्या हॉकी क्लबच्या कार्यकारिणीत मी काम करतो. साखळी सामन्यांत आमचा संघ अव्वल असतो, पण बाद फेरीत सलग तीन वर्षे उपांत्य सामन्यातच हरला आहे, त्यामुळे प्रशिक्षकांना निरोप द्यावा, असा ठराव पुढच्या रविवारी बैठकीत येणार आहे.

यंदा शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतर एकेका खेळाडूने ठरलेल्या आठ सेकंदांत एकट्या गोलरक्षकाविरुद्ध गोल करायच्या फेरीत, हरलो. २३ मीटरच्या रेषेवरून निघालेला आमचा शेवटचा मुलगा गोलरक्षकाला चुकवून गेला, पण चेंडू मारण्याआधीच आठ सेकंद संपली. सर त्याच्याशेजारी गवतावर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. हेच सर रोज पहाटे साडेपाचला मैदानावर हजर असतात.

२०२३च्या विश्वचषकात भारत न्यूझीलंडकडून शूटआउटमध्ये हरल्यावर भारतीय पुरुष हॉकी संघाचे प्रशिक्षक ग्रॅहम रीड यांनी राजीनामा दिला. टोकियो ऑलिंपिकचे कांस्य त्यांच्याच काळातले होते. पुढे नवे प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांच्या हाताखाली पॅरिसमध्येही कांस्य मिळाले, म्हणजे बदलाने नुकसान झाले नाही, हेही मान्य करावे लागते.

तरी माझे मन धजत नाही. शूटआउटचा आणि पेनल्टी कॉर्नरचा (गोलजवळच्या नियमभंगाबद्दल मिळणाऱ्या फटक्याचा) वेगळा सराव आम्ही कधी घेतलाच नाही. तो दोष सरांचा, की वेगळा प्रशिक्षक न नेमणाऱ्या आम्हा कार्यकारिणीचा? ज्यांनी शाळेत वा क्लबमध्ये असा निर्णय घेतला आहे, त्यांनी कृपया सांगावे : प्रशिक्षक बदलल्यावर मुले टिकली का, आणि सरांना आणखी एक हंगाम द्यायचा झाल्यास कोणत्या अटी घालाव्यात?