तलाव सर्वांचा, मग दर आणि पट्टा ठेकेदाराच्या मर्जीवर का?

दांडियाबाजारकर: कारेलीबागवासी यांनी लिहिले आहे, की नौकाविहार ही चैन असल्यामुळे वडोदऱ्याच्या सेवासदनाने (महानगरपालिकेने) तलाव सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्यावा आणि तिकिटाचा दर त्याच्यावर सोडावा. हे वाचून राहवले नाही. 1993 मध्ये आपल्याच शहरातील सुरसागर तलावात नाव उलटून 22 माणसे बुडाली. नावा ठेकेदाराच्या होत्या, तरीही 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवासदनाला जबाबदारीतून मोकळे केले नाही. जबाबदारी जर ठेकेदाराच्या गळ्यात घालता येत नाही, तर दर आणि अटी ठरवण्याचा अधिकार तेवढा त्याला कसा देता येतो? इथल्याच हरणी तलावावर 18 जानेवारी 2024 रोजी 12 मुले आणि 2 शिक्षिका बुडाल्या, तोही तलाव ठेक्यानेच दिलेला होता. बोली जितकी चढेल, तितकी ती वसूल करण्यासाठी नावेत माणसे कोंबली जातील.

कारेलीबागवासी: त्या दोन्ही ठिकाणी देखरेख ढिली होती; तिकिटाच्या किमतीचा तिथे संबंध काय? माझ्या मेहुण्यांनी एका जलाशयावर नावांचा ठेका घेतला होता. दर करारात गोठवलेला आणि डिझेल महागत गेलेले, अशा स्थितीत जाकिटांची तुटलेली बकले बदलायलाही पैसे उरेनात आणि पट्टे सुतळीने बांधून वेळ मारून नेली जाई. दर दाबला, की पहिली कात्री सुरक्षिततेला लागते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मांडवीची सून: आपण दोघेही नावेत बसणाऱ्यांविषयीच बोलता. आमच्या सासूबाई वर्षानुवर्षे ज्या तलावाकाठी सकाळी फिरायला जात, तिथे सुशोभीकरण होताच फाटक लागले आणि पहारेकऱ्याने तिकीट मागून त्यांना परत पाठवले. ज्यांना नावेत पाऊलही टाकायचे नाही, त्यांच्याकडून पाण्याकडे पाहण्याचे पैसे कोणत्या अधिकाराने घेतले जातात?

कारेलीबागवासी: झाडलोट, दिवे आणि राखणदार फुकट मिळत नाहीत, ताई. जे तिथे कधी फिरकतही नाहीत, त्यांच्या घरपट्टीतून हा खर्च का भागवायचा?

मांडवीची सून: घरपट्टी आम्हीही भरतो, भाऊ. फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना फुकटे ठरवणारी भाषा आपण वापरू नये.

दांडियाबाजारकर: ताईंचा मुद्दा कायद्यालाही धरून आहे. बियास नदीकाठच्या जमिनीचा एका मोटेलला दिलेला पट्टा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये रद्द केला, तो याच तत्त्वावर, की अशा नैसर्गिक संपत्तीचे सरकार हे विश्वस्त असते. विश्वस्ताला काठावर फाटक लावून वाट विकता येत नाही.

कारेलीबागवासी: वाटेवर शुल्क नको, एवढे मान्य करतो, तेही ताईंच्या सासूबाईंसाठी, आपल्या निकालांसाठी नव्हे. पण नावेचा दर इंधनाच्या भावाशी जोडून दरवर्षी ठरवावा, यावरून मी हटणार नाही.

दांडियाबाजारकर: खुशाल जोडा, गोठवलेल्या दराबाबत आपल्या मेहुण्यांचा अनुभव मला नाकारता येत नाही. मात्र पट्ट्याचे भाडे सेवासदनाने आधीच ठरवून टाकावे, बोली भाड्यावर न लावता सर्वांत कमी तिकीटदरावर लावावी, जाकिटे आणि डागडुजी यांचा खर्च करारात वेगळा राखून ठेवावा, आणि पोटठेका दिल्याचे आढळताच पट्टा रद्द व्हावा. यांतील कोणती अट आपल्याला जाचक वाटते, ते सांगा.